कवटी मोसासॉरची, भाऊबंदकी घोरपडीशी

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक फोटो फिरून येतो. जवळजवळ माणसाएवढी लांब कवटी, मागं वळलेल्या सुळ्यांची रांग, आणि खाली ओळ: ‘समुद्रातल्या डायनासोरचं डोकं सापडलं’. आमच्या लातूर-धाराशिवकडच्या ग्रुपांवर त्याखाली कुणी ‘शेषनाग’ लिहितं, कुणी ‘अहो, मगर आहे ती’ म्हणून ठणकावतं, कुणी नुसतेच हात जोडून मोकळं होतं. आठवीतल्या एका पोरानं तोच फोटो पुढं धरून विचारलं, “सर, ह्यो डायनासोर असंल तर ह्याच्या टाळूला बी दात कशाला?”

फोटोखालची ओळ चुकीची होती. पोराचा प्रश्न मात्र बरोबर जागी बोट ठेवणारा होता.

हा प्राणी म्हणजे मोसासॉर. समुद्रात राहायचा, पण श्वास घ्यायला पाण्याबाहेर नाक काढायचा. त्याचं घराणं साधारण साडेनऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी पुढं आलं आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपलं. सगळ्यांत मोठ्या जातीची लांबी बारा-तेरा मीटर धरतात, काहींचे अंदाज त्याच्याही पुढं जातात. डोकं दीड मीटरच्या घरात. सिनेमात उडी मारून शार्क गिळणारा जो दाखवतात, तो कितीतरी फुगवलेला आहे.

आधी विद्वानही चुकले होते

ग्रुपवरच्या मंडळींना हसण्याचं कारण नाही. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्ट नावाचं गाव आहे. गावालगतच्या टेकडीत मऊ चुनखडीच्या जुन्या भुयारी खाणी आहेत. तिथं १७६० च्या दशकात अशी एक कवटी निघाली आणि काही वर्षांनी दुसरी, जास्त चांगली निघाली. हॉफमन नावाच्या लष्करी डॉक्टरला ती मगर वाटली. पेट्रुस काम्पर हा मोठा शरीरशास्त्रज्ञ, तो म्हणाला देवमासा. फ्रान्सच्या फोजा द सँ-फोंनं पुन्हा मगरीचाच हेका धरला. मध्येच १७९४ मध्ये फ्रेंच सैन्यानं गाव घेतलं आणि ती कवटी उचलून पॅरिसला नेली. लपवलेली कवटी शोधणाऱ्या शिपायांना दारूच्या ६०० बाटल्या बक्षीस लावल्या होत्या, अशी कथा सांगतात. कथा झकास आहे, पण इतिहासकार तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत. कवटी अजून पॅरिसच्या संग्रहालयातच आहे.

कोडं सुटलं ते पेट्रुसच्या मुलाकडून. आद्रियान काम्परनं १७९९ च्या सुमारास बापाचं मत बाजूला ठेवलं आणि सांगितलं की हा सरड्या-घोरपडींच्या जातकुळीतला प्राणी आहे. १८०८ मध्ये जॉर्ज क्युव्हिए या त्या काळच्या सगळ्यांत वजनदार शास्त्रज्ञानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. या वादात टाळूवरच्या दातांचा मोठा वाटा होता. मगरीच्या टाळूला दात नसतात, देवमाशाच्याही नसतात. काही सरड्यांच्या आणि सापांच्या टाळूला मात्र असतात.

कवटी म्हणजे एक हाड नव्हे

आपण कवटी म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढं माणसाची येते. मोठ्या माणसात तिची हाडं एकमेकांत घट्ट रुतून बसलेली असतात, हलतो तो फक्त खालचा जबडा. सरपटणाऱ्या प्राण्यांचं तसं नसतं. त्यांची कवटी पुष्कळ हाडांची जुळणी असते आणि कोणता जोड पक्का, कोणता ढिला, यावर त्या प्राण्याचं खाणंपिणं ठरतं.

मोसासॉरच्या कवटीत सगळ्यांत बोलकं हाड कोणतं विचाराल तर मी दात सांगणार नाही, क्वाड्रेट सांगेन. कवटीच्या मागच्या कोपऱ्यात, वरचं डोकं आणि खालचा जबडा यांच्या मधोमध उभं असणारं हे हाड. जबडा लोंबतो तो याच्यावर. मोठ्या मोसासॉरमध्ये ते मुठीपेक्षा मोठं भरतं. बाहेरून पाहिलं तर माणसाच्या कानासारखा आकार: वरून मागं वळलेला बाक आणि मध्ये खोलगट वाटी. त्या वाटीवर कानाचा पडदा ताणलेला असायचा. काही नमुन्यांमध्ये तो पडदासुद्धा कडक होऊन दगडात टिकला आहे. प्रत्येक जातीचं क्वाड्रेट इतकं वेगळं असतं, की बाकी काही हाती नसताना एवढ्या एका हाडावरून जाणकार वंश ओळखतात.

तुमच्या-माझ्या डोक्यातही हे हाड आहे. सस्तन प्राण्यांत ते लहान होत होत कानात गेलं. शाळेत हातोडी, ऐरण, रिकीब अशी कानातली तीन हाडं शिकलो, त्यातली ऐरण म्हणजे हेच.

मोसासॉरमध्ये मात्र ते जबड्याचं बिजागर होतं, आणि ते बिजागर स्वतःच पुढंमागं झुलायचं. कारण त्याच्या खालच्या टोकाला आधार देणारी, गालावरून जाणारी हाडाची पट्टी या घराण्यात उरलेलीच नाही. घोरपडीच्या आणि सरड्याच्या कवटीतही ती नसते. बांधावर घोरपड सगळ्यांनी पाहिलेली असते, तिची कवटी पाहिलेली माणसं थोडी. (ती मिळवायच्या मागं लागू नका. वन्यजीव कायद्यानं घोरपडीला कडक संरक्षण आहे, आणि तिच्या तेलाच्या नावाखाली जे विकतात त्यानं गुडघे बरे होत नाहीत.)

मग हा डायनासोर का नाही?

डायनासोर म्हणजे ‘जुना आणि अवाढव्य’ असा समज पक्का बसला आहे. खरं तर ते एक ठरावीक घराणं आहे, आणि घराणं कवटीवरून कळतं. बहुतेक डायनासोरांना नाकपुडी आणि डोळा यांच्या मध्ये एक जादा भोक असतं. मोसासॉरला ते नाही. डायनासोरांच्या गालावरची ती खालची पट्टी शाबूत असते. मोसासॉरची गेलेली आहे. उलट त्याच्या डोक्याच्या माथ्यावर, दोन डोळ्यांच्या मागं, मधोमध एक लहानसं गोल छिद्र असतं. त्यात उजेड-अंधार टिपणारा तिसरा डोळा असायचा. आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्या माथ्यावर नीट पाहिलं तर तो ठिपका आजही दिसतो. त्यानं चित्र दिसत नाही, उजेडाचा अंदाज मिळतो.

म्हणून मोसासॉर सरडे, घोरपडी आणि साप यांच्या मोठ्या कुळात बसतो. आता त्या कुळातही तो घोरपडीच्या जवळचा की सापाच्या, यावर भांडण आहे. एडवर्ड कोप या अमेरिकी शास्त्रज्ञानं १८६९ मध्येच सापांशी नातं जोडलं होतं. १९९९ मध्ये ली, बेल आणि कॉल्डवेल यांनी जबड्याच्या रचनेवरून तोच मुद्दा नव्यानं मांडला. दुसरा गट म्हणतो, गिळायची पद्धत सारखी असली म्हणून रक्ताचं नातं सिद्ध होत नाही. मला या दुसऱ्या गटाचं म्हणणं जास्त पटतं, पण निकाल लागलेला नाही. मोसासॉर हा घोरपडीचा पूर्वज मात्र नव्हे. चुलत घराणं म्हणा.

टाळूवरचे दात करायचे काय?

आता पोराच्या प्रश्नाकडं येऊ.

मोसासॉरला हात नव्हते, चार वल्ही होती. पकडलेला मासा हातानं तोंडात ढकलायची सोय नाही. चावून बारीक करायला दाढाही नाहीत. दात सुळ्यांसारखे, टोकं मागं वळलेली, ते धरण्यासाठी आणि फाडण्यासाठी. भक्ष्य धरलं खरं, पण जबडा सैल केला की ते निसटणार आणि सैल केल्याशिवाय आत सरकणार नाही. अशी ही अडचण.

कडबा कुट्टीचं मशीन आठवा. पेंढीचं टोक तोंडाशी लावलं, दातेरी रुळांनी एकदा पकडलं, की पुढं ढकलावं लागत नाही. रूळच तिला आत ओढत नेतात, आणि दात्यांच्या पकडीमुळं पेंढी उलटी बाहेर येत नाही. (हात गेला तर तोही येत नाही, हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको.) मोसासॉरच्या टाळूला मागच्या बाजूला टेरिगॉइड नावाची दोन लांबट हाडं असतात. त्यांच्यावर लहान, मागं वळलेल्या दातांची एकेक रांग असते. बाहेरचा जबडा सैल होऊन पुढं सरकेपर्यंत ही आतली रांग भक्ष्याला धरून ठेवायची. मग जबडा पुन्हा पकडायचा, मागं ओढायचा, आणि घास इंचाइंचानं घशाकडं जायचा. क्वाड्रेटचं झुलणं इथं कामी यायचं. फरक एवढाच की मोसासॉरच्या मशीनला पुढं पातं नव्हतं, तुकडे न करता ते गिळायचं.

आजची धामण उंदीर गिळते तेव्हा हाच खेळ चालतो. तिच्या टाळूलाही दातांच्या रांगा असतात. डावी-उजवी बाजू आळीपाळीनं पुढं टाकत ती उंदरावरून आपलं डोकं पुढं पुढं नेते. घोरपडीच्या टाळूला मात्र दात नाहीत. ती मान झटकून घास मागं फेकते.

मोसासॉरच्या खालच्या जबड्यात आणखी एक गंमत आहे. त्याच्या प्रत्येक बाजूला मध्यावर एक जादा सांधा असतो. म्हणजे जबडा मागं कवटीशी तर जोडलेला आहेच, शिवाय अर्ध्या वाटेवरही वाकू शकतो. हनुवटीपाशी डावी-उजवी बाजू आपल्यासारखी हाडानं जुळलेली नाही, नुसत्या चिवट बंधांनी धरलेली. त्यामुळं मोठा घास आला की दोन्ही बाजू बाहेर फाकायच्या.

पण सरसकट सगळेच मोसासॉर असे ढिल्या जबड्याचे होते, असं समजू नका. शेवटच्या काळातल्या मोठ्या जातींमध्ये, मास्ट्रिख्टच्या त्या प्रसिद्ध मोसासॉरमध्येही, कवटीचे जोड बरेच घट्ट झाले होते. अंग मोठं झालं, भक्ष्य दांडगं झालं, तिथं लवचीकपणापेक्षा ताकद कामाची. ग्लोबिडेन्स नावाची एक जात तर वेगळ्याच वाटेनं गेली. तिचे मागचे दात सुळ्यांऐवजी गोल गोळ्यांसारखे आहेत, शिंपले आणि कवचं फोडायला.

एक दात जवळून

मोरोक्कोत खुरिब्गाच्या आसपास फॉस्फेटच्या मोठ्या खाणी आहेत. रासायनिक खतासाठी तिथला दगड खणतात आणि त्यात मोसासॉरचे दात पोत्यानं निघतात. म्हणून असा दात ऑनलाइन अगदी थोडक्या पैशांतही मिळतो. हातात घेतला तर दोन भाग लगेच कळतात. वर चकचकीत, तपकिरी सुळा, त्याच्या पुढच्या-मागच्या बाजूला नखाला जाणवेल अशी धार. खाली त्याच्याहून जाड, फुगीर, खडबडीत बुंधा. बुंध्याच्या आतल्या बाजूला पुष्कळदा एक खळगा दिसतो. नवा दात तिथं तयार होत असायचा. तो जुन्याचा बुंधा आतून पोखरत वाढायचा आणि शेवटी जुन्याला पाडून त्याची जागा घ्यायचा. जन्मभर हेच चालायचं, कवळीची गरज नाही.

मात्र दातांसकट ‘अख्खा जबडा’ स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. खरे सुटे दात वाळू आणि डिंकात बसवून केलेले जबडे बाजारात ढिगानं आहेत.

नुसत्या हाडांवरून एवढं कसं सांगता?

शंका रास्त आहे. उत्तराचा पहिला भाग म्हणजे पोटातले पुरावे. अमेरिकेत दक्षिण डकोटामध्ये टायलोसॉरस या मोसासॉरच्या सांगाड्यात पोटाच्या जागी एक पाणपक्षी, मोठा मासा, शार्क आणि एक लहान मोसासॉर यांचे अवशेष एकत्र मिळाले. एवढे मोठे घास तो गिळत होता, हे त्यावरून समोर आलं. दुसरा भाग सीटी स्कॅन. गावच्या माणसाला आता सीटी स्कॅन माहीत असतो, तोच इथं वापरतात. दगड न फोडता मेंदूच्या पोकळीचा आणि नसा जाण्याच्या भोकांचा आकार दिसतो. जपानच्या होक्काइडो बेटावरच्या फॉस्फोरोसॉरस या लहान मोसासॉरचे डोळे पुढच्या दिशेला वळलेले होते, म्हणजे त्याला दोन्ही डोळ्यांनी मिळून अंतराचा अंदाज यायचा. हे २०१५ मध्ये कवटीची नीट जुळणी केल्यावर कळलं.

आणि हो, चुकाही होतात. सॅम्युएल विलिस्टन या जाणत्या अभ्यासकानं १८९८ मध्ये सांगितलं की मोसासॉरच्या मानेवर-पाठीवर झालर होती. १९०२ मध्ये त्यानं स्वतःच ते मागं घेतलं. झालर समजलेला भाग श्वासनळीच्या कड्यांचा निघाला. पण तोवर चित्रकारांनी झालर उचलली होती, आणि पुढं कितीतरी वर्षं पुस्तकांतला मोसासॉर झालर लावूनच पोहत राहिला. दुरुस्ती चुकीइतकी वेगानं पळत नाही, हे व्हॉट्सॲपच्या आधीपासूनचं आहे.

आमच्या विहिरीत निघेल का?

हा प्रश्न हमखास येतो. विहिरीला काळा कातळ लागला, सुरुंग लावले, त्यात असलं काही निघेल का? नाही निघणार. त्याचं कारण मला कवटीइतकंच रंजक वाटतं.

जीवाश्म म्हणजे गाळात गाडलं जाऊन, खनिजं झिरपून दगडात टिकलेला जीव. त्याला गाळ लागतो. मराठवाड्याचा काळा कातळ गाळाचा नव्हे, तो थिजलेला लाव्हा आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी त्यातच कोरली. आणि हा लाव्हा वाहिला तो काळ म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. मोसासॉरच्या शेवटच्या दिवसांचाच! भूशास्त्रात त्या शेवटच्या कालखंडाला मास्ट्रिख्टियन असं नाव आहे, कवटी निघाली त्याच गावच्या खडकावरून दिलेलं. दूर समुद्रात मोसासॉर पोहत होते तेव्हा आपल्या बाजूला जमिनीच्या भेगांतून थरावर थर लाव्हा पसरत होता.

लाव्ह्याच्या खाली काय आहे, हेही आपल्याला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक पाडलं. वरचे ३३८ मीटर काळा कातळ. त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर. त्याच्याखाली थेट अडीचशे कोटी वर्षांहून जुना पायाचा खडक. मोसासॉर पुरून ठेवायला समुद्राचे जाडजूड थर लागतात, ते तिथं नाहीतच.

भारतात समुद्री सरपटणारे प्राणी सापडतात ते कच्छमध्ये आणि तमिळनाडूत अरियलूरच्या बाजूला, जिथं समुद्राचा गाळ उघडा पडला आहे. कच्छमध्ये लोडाई गावाजवळ इक्थिओसॉरचा जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला, त्याचं वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. तो सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे मोसासॉरच्या कितीतरी आधीचा, आणि घराणंही वेगळं. फोटोखालच्या ओळींत या दोघांची सर्रास गल्लत होते.

मोसासॉर गेले त्याच सुमारास मेक्सिकोजवळ प्रचंड उल्का आदळली होती. बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य दोष तिलाच देतात, आपल्याकडच्या लाव्ह्यानं त्यात किती भर घातली यावर अजून वाद घालतात. घोरपडीचं घराणं त्यातून वाचलं.

मग आपल्याकडं काहीच नाही?

आहे की. मांजरेच्या खोऱ्यात, लातूर जिल्ह्यात, नदीच्या जुन्या गाळात प्राचीन हत्तींचे आणि पाणघोड्यांचे जीवाश्म निघाले आहेत. मांजरेत पाणघोडे होते म्हटलं की लोक तोंडाकडं बघतात, पण हाडं आहेत. ती मोसासॉरपेक्षा फारच अलीकडची, पण आपल्या मातीतली. वाळू उपसताना, नदीचं पात्र खोल करताना, दरड कोसळल्यावर अशी हाडं उघडी पडतात. पुष्कळदा ती जेसीबीच्या बकेटमध्ये जातात, किंवा ‘राक्षसाचं हाड’ म्हणून देवळामागं ठेवून दिली जातात.

असं काही दिसलं तर उपटून काढू नका. कवटी असेल तर अजिबातच नको. तिचे जोड किती नाजूक असतात ते वर पाहिलंच, ओढली की तुकडे होतात आणि कोणता तुकडा कुठला हे कायमचं हरवतं. हाड जसं आहे तसं ठेवून शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवा आणि फोटो घ्या. दरडीत ते किती खोलीवर आहे आणि कोणत्या रंगाच्या थरात आहे, हे दिसेल असा दुसरा फोटो लांबून घ्या. मोबाइलवर ठिकाण नोंदवा. पाण्यानं धुऊ नका, फेव्हिकॉल लावू नका. जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्र विभागाला कळवा. नांदेडच्या विद्यापीठात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयात हे काम जाणणारी माणसं आहेत. आणि त्यांनी येऊन पाहीपर्यंत ठिकाणाचा पत्ता ग्रुपवर टाकू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथं नुसता खड्डा असतो.